नवतप्यातला सांधा

२५ मे १९८८, बुधवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. कूलरच्या लोखंडी स्टँडचा एक पाय सांध्यातून निखळला. टाकी कलली, पाणी अंगणात गेले आणि वाळ्याचा ओला वास घरात येण्याऐवजी हुडकेश्वरच्या मोकळ्या प्लॉटांवर पसरला. मी पाय उचलला आणि सवयीने तुटलेल्या कडेवरून बोट फिरवले. धातू धातूत शिरलाच नव्हता. गंजावरच सांधा घातलेला होता. रंग होता तोवर तो टिकला.

आमच्या सौभाग्यवती काटोलकडच्या. चाळीस वर्षे माझ्याबरोबर राहून त्यांनी आपली बोली सोडलेली नाही. पाय पिशवीत घालताना त्यांनी मला पाहिले.

"नाक्यावर वेल्डिंगचं दुकान हाये नं. इतक्या उन्हात कुठं जाऊन राहिले?"

"वाडीला."

"बारा वर्षांपासून जाऊन राहिले तुम्ही वाडीले. अजून पोहोचले नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते. वाडीला जनार्दन मेश्राम राहतो. बारा वर्षांपूर्वी मी त्याचे वेल्डरचे कार्ड, म्हणजे कारखान्यातल्या कामाचा परवाना, रद्द केले. त्यावर लिहिलेले कारण चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे मला त्याच वर्षी कळले. त्याला मी ते सांगितले नव्हते. कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होते.

नवतपा आज लागला. सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस हे शहर दुपारी दारे लावून बसते. डांबर मऊ होते. सायकलस्वार डोक्याला दुपट्टा गुंडाळून असे जातात की ओळखीचा माणूसही ओळखू येत नाही. खिशात कांदा असतो, घरात पन्ह्याचा तांब्या असतो. हे नऊ दिवस पुरते तापले नाहीत तर पुढे पाऊस बिनसतो, असा इकडे समज आहे. असे समज मी पूर्वी ऐकताक्षणी खोडून काढीत असे. आता आधी पाहतो, मग बोलतो. ही सवय मला उशिरा लागली. जेव्हा लागायला हवी होती तो उन्हाळा १९७६ चा.

तेव्हा मी शहराबाहेरच्या एका कारखान्यात धातुशास्त्रज्ञ होतो. उंच पत्र्याची शेड, एका टोकाला इलेक्ट्रोड, म्हणजे लेप दिलेल्या वेल्डिंगच्या कांड्या, भाजण्याची भट्टी, दुसऱ्या टोकाला जाड काचेमागे लखलखणारा वेल्डिंगचा आर्क. त्या शेडचा वास मला आजही कूलरच्या वासाआधी येतो. भाजलेल्या लेपाचा मातकट वास, ॲसिटोनचा पिकल्या फळासारखा गोडसर वास, तापलेल्या पत्र्याचा कोरडा वास. चांगल्या आर्कचा आवाज तव्यावर काही तळले जावे तसा सलग असतो. तो तुटला की शेडमधले सगळे मान वळवत. मी कार्यालयातून बाहेर येई.

अणुवीज केंद्रात बसणारे एक मोठे पात्र आम्हाला बनवायचे होते. पात्राचे अंग साध्या पोलादाचे, त्याला जोडायचा नळ स्टेनलेस पोलादाचा. तापल्यावर हे दोन धातू सारखे फुगत नाहीत. वर्षानुवर्षे एकमेकांना ओढत राहतात. म्हणून त्यांच्यामध्ये निकेलच्या मिश्रधातूचा सांधा घालतात. तो दोन्ही बाजूंचे ओढणे सोसतो. अशा पात्राला तडा गेला तर आत जाऊन डागडुजी करता येत नाही. त्यामुळे तडा जाणार नाही असाच सांधा लागतो. त्याचे इलेक्ट्रोड पूर्वी बाहेरच्या देशांतून येत. मग येणे थांबले. ते येथेच बनवा, असे मला सांगण्यात आले.

बनवायला मला दोन वर्षे लागली. पहिल्या वर्षी प्रत्येक सांधा चिरला. निकेलचा स्वभाव असा की तो मळ सहन करीत नाही. धातू थिजत असताना त्याच्या कणांच्या फटींत शेवटचा थेंब द्रव राहतो. तो शुद्ध असेल तर तोही थिजतो आणि सांधा एकजीव होतो. त्यात गंधक किंवा शिसे यांचा अंश गेला तर तो द्रवच राहतो. भोवतालचा धातू आक्रसतो आणि त्या फटीवर उकलतो. डोळ्यांनी दिसत नाही इतका मळ पुरतो. यातून माणसांविषयी उपमा काढण्याचा मोह होतो. तो मी टाळतो.

दुसऱ्या वर्षी लेपात मँगनीज वाढवले, नायोबियम थोडे घातले आणि मळाचे सगळे रस्ते बंद केले. तेलकट हातमोजे बंद. खडूच्या खुणा बंद. प्लेटेवर रंगाने आकडे घालणे बंद. वापरू नये अशा वस्तूंची यादी मी स्वतः भिंतीवर लावली. त्या वर्षीच्या डिसेंबरात पहिला सांधा निर्दोष निघाला. थंड होताना त्याच्यावरचा काचेसारखा पोपडा आपोआप सुटून खाली पडला आणि आत चांदीच्या सरीसारखी रेघ दिसली. मी आणि वेल्डर ती रेघ निवेपर्यंत पाहत उभे होतो.

तो वेल्डर म्हणजे मेश्राम. डोक्याला पांढरा दुपट्टा, बोलणे थोडे. उकिडवे बसून तासभर हात न हलवता काम करी. निकेलचा इलेक्ट्रोड लोण्यासारखा वाहत नाही. ओढून घ्यावा लागतो. ते त्याला न सांगता कळले. त्याचे घर छप्पन साली बौद्ध झालेले. शेडमध्ये पूजा असली की तो दोन पावले मागे सरून उभा राही. त्याविषयी तो कधी बोलला नाही. इतर बोलत.

पूजा किसनराव करीत. किसनराव ढोबळे आमचे फोरमन. शेडमधले सर्वांत जुने, मारुतीचे भक्त. मंगळवारी सकाळी देवळातून तेलात कालवलेला शेंदूर रुईच्या पानात घेऊन येत. नवे यंत्र, नवे काम, पहिला घाव: शेंदराच्या टिळ्याशिवाय ते होऊ देत नसत. मला हे पसंत नव्हते. ते मी बंद केले नाही. पूजा माझ्यासमोर करायची नाही, एवढीच अट घातली. ती पाळली जाई. पूजेची वेळ झाली की मी बाहेर जात असे. हा माझा विवेक आहे असे मी समजत होतो.

प्रत्यक्ष पात्राला हात लावण्याआधी परीक्षेची प्लेट द्यावी लागे. दोन जाड प्लेटा, मधल्या खाचेत सांधा. मुंबईहून तपासनीस येत, त्यांच्यादेखत सांधा भरायचा. मग त्यावर लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड उडवायची. तडा असेल तर त्यात लपलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. नसेल तर पांढरे पांढरेच राहते. सरावाच्या प्लेटांवर मेश्रामचे पांढरे नेहमी पांढरे राहिले.

२५ मे १९७६ हा मंगळवार होता. नवतप्याचा पहिला दिवस. तपासनीस सकाळच्या गाडीने आले. मी त्यांना घ्यायला फाटकापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा मेश्राम मुखवटा खाली ओढत होता. सांधा भरला, निवला, पूड उडवली. पांढऱ्यावर सुरुवातीच्या टोकाला केसाएवढी लाल रेघ उमटली आणि पाहता पाहता जाड झाली. तपासनिसांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या मंगळवारी," ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी तीच रेघ, त्याच टोकाला. सराव निर्दोष आणि परीक्षा सदोष. मी त्या आठवड्यांत जे तपासले त्याची वही अजून आहे. भट्टीचे तापमान तपासले. इलेक्ट्रोडची तुकडी बदलली. दुपारी विजेचा दाब पडतो म्हणून पहाटे सराव घेतला, भर दुपारी घेतला. प्लेटेचे पोलाद बदलले. शेडमधल्या उन्हालाही मी आरोपी करून पाहिले; सरावाच्या प्लेटा त्याच उन्हात निर्दोष निघत. माणसाला राग कोणाचा तरी यावा लागतो. मला धातूचा राग येऊ लागला होता. हे हास्यास्पद आहे हे मला कळत होते आणि तरी येत होता.

दुसरी प्लेट गेली त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत शेडबाहेर कडुनिंबाखाली सगळे डबे उघडून बसले होते. मी खिडकीआड होतो.

"काहून गा मेश्राम," किसनराव म्हणाले, "देवाचा टिळा पुसते अन् मग प्लेट तडकते. काही समजून राहिलं काय तुले?"

"प्लेट साफ पाहिजे, फोरमनसाहेब. साहेबांनं कागदावर लिहून देल्लं हाये."

"कागद काय देव वाचते?"

"देव नाही वाचत. प्लेट वाचते."

चौघे हसले. किसनराव हसले नाहीत. मीही हसलो नाही. मला दोघांचाही वैताग आला. माझ्यासारख्या माणसाने आठवडाभर वह्या भरायच्या आणि यांनी टिळ्यावर वाद घालायचा. त्या संभाषणात उत्तर पूर्ण सांगितलेले होते. मी खिडकी लावून घेतली.

तिसरी प्लेट ८ जूनला गेली. तपासनीस निघून गेल्यावर किसनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, तो टिळा पुसते. मी सांगून ठेवतो, त्याच्यानंच हे होऊन राहिलं."

मी आवाज चढवला. नोकरीत बहुधा तेवढाच. "टिळ्याचा आणि तड्याचा काहीही संबंध नाही. हा विषय या शेडमध्ये पुन्हा निघणार नाही."

मग मी मेश्रामला कार्यालयात बोलावले.

"करंट?"

"तेवढाच, साहेब."

"आर्क?"

"लहानच ठेवला."

"मग तडा का जातो?"

"माहीत नाही. सरावाच्या एवढ्या प्लेटा झाल्या, एक तडकली नाही. हात तोच हाये."

"परीक्षेच्या दिवशी हात तोच राहत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा मार्मिक वाटले होते. बाकी सगळी कारणे तपासून वगळली होती. उरले ते खरे, असा माझा हिशेब. मी कार्ड मागितले. त्याने वरच्या खिशातून काढून दिले. त्यावर मी लिहिले: हात स्थिर नाही. रद्द. खाली सही. तो दाराशी थोडा थांबला. मी वर पाहिले नाही. मग तो गेला. महिनाअखेरीस कारखानाही सोडून गेला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या वेल्डरने चौथी प्लेट दिली. हात मेश्रामच्या निम्माही नव्हता. पांढरे पांढरे राहिले. तपासनीस माझ्याशी हस्तांदोलन करून गेले. त्या दिवशी मला समाधान वाटले, हे येथे लिहून ठेवतो.

ऑगस्टात प्रत्यक्ष पात्राचा पहिला सांधा भरला. तडा गेला. सुरुवातीच्या टोकाला.

बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता आणि मी भिंगातून त्या टोकाकडे पाहत बसलो होतो. सांध्याच्या कडेला, खाचेबाहेर, नारिंगी रंगाचा पुसट डाग होता. परीक्षेच्या प्लेटांवरही तो असणार. पण आमच्या शेडमध्ये तपासणीचा लाल द्रव सगळीकडेच सांडलेला असे. लाल डागाकडे कोण पाहतो? हा लाल नव्हता. मी तो खरवडून कागदात घेतला आणि प्रयोगशाळेत दिला. रसायनतज्ज्ञाने तासाभराने एकच शब्द सांगितला: शिसे.

मी किसनरावांकडे गेलो. त्यांनी कपाटातून रुईचे पान काढून उलगडले.

"शेंदूर हाये, साहेब. पहिल्या कामाले लावतोच आम्ही."

"परीक्षेच्या प्लेटांनाही लावला होता?"

"तिघींले लावला. चौथीले नाही लावला. तुम्ही रागावले म्हणून. पण हे खरं काम, मोठं काम. त्याले कसं सोडायचं?"

मी त्यांना शिशाविषयी सांगितले. ते ऐकत गेले. ऐकून झाल्यावर त्यांनी पान मिटले आणि ते कुठे ठेवावे हे त्यांना कळेना. या हातातून त्या हातात घेत राहिले. "म्हंजे मेश्राम..." एवढेच ते म्हणाले.

माझ्या कार्यपद्धतीत चौथी पायरी प्लेट ॲसिटोनने स्वच्छ करण्याची होती आणि पाचवी सांधा भरण्याची. या दोन पायऱ्यांच्या मध्ये काही घडते हे मला ठाऊक होते. ते घडत असताना मी फाटकाशी उभा असे. भिंतीवरच्या यादीत तेल होते, खडू होता, रंग होता. शेंदूर नव्हता. टिळ्याचा आणि तड्याचा संबंध नाही असे मी सगळ्या शेडसमोर सांगितले होते. किसनरावांनी संबंध उलटा लावला. मी तो पाहायलाच नकार दिला. दोघांत अधिक दोषी कोण, याचा निवाडा मला अवघड नाही.

मी व्यवस्थापनाला टिपण लिहिले. तड्याचे कारण, वेल्डरची निर्दोषता, कार्ड पूर्ववत करण्याची शिफारस. ते तीन आठवड्यांनी परत आले. कोपऱ्यात शेरा होता: विषय नाजूक. जुन्या नोंदी उघडू नयेत. मी पुन्हा लिहिले. पुन्हा परत आले. तिसऱ्यांदा ते परतही आले नाही. पूजा फाटकाबाहेर हलवली गेली. तडा कापून काढला, सांधा नव्याने भरला, पात्र मार्गी लागले. कागदावर मेश्रामचा हात अस्थिर तो अस्थिरच.

हाती अधिकृत कागद आल्याशिवाय मेश्रामकडे जायचे नाही, असे मी ठरवले. नुसता शब्द घेऊन जाणे मला अपुरे वाटत होते. कागद आला नाही. मी निवृत्त झालो. वाडी बसने तासाभराच्या अंतरावर. दर वर्षी नवतपा लागला की मी कार्ड खणातून काढीत असे आणि पाऊस पडला की परत ठेवीत असे.

आज बर्डीला बस बदलून साडेअकराला वाडीत उतरलो. अमरावती रस्त्यावर ट्रकांची रांग, गोदामांची सावली, डिझेलचा धूर. दुकान विचारावे लागले नाही. आर्कचा आवाज रस्त्यावरून ऐकू आला. सलग.

मेश्राम ट्रकच्या चासीखालून बाहेर आला. केस पांढरे, दोरीने बांधलेला चष्मा. दुपट्टा तोच. त्याने मला ओळखले. माठातले पाणी दिले, स्टूल पुसून पुढे सरकवले. दोन कारागीर आणि एक ड्रायव्हर पाहत होते. मी बसलो नाही.

"मेश्राम, त्या प्लेटांना तडा शेंदराने गेला. त्यात शिसे असते. निकेलला ते चालत नाही. तुमचा हात बरोबर होता."

त्याने चष्मा वर सरकवला. "कधी समजलं, साहेब?"

"ऑगस्टमध्ये."

"मागच्या?"

"त्याच वर्षीच्या."

जमिनीवरचे इलेक्ट्रोड गोळा करून त्याने डब्यात एकसारखे लावले. "मले वाटलं, आता समजलं म्हणून आले."

ड्रायव्हरने विडी विझवली.

"मी ॲसिटोन मागितलं होतं," मेश्राम म्हणाला. "टिळा पुसायले. भांडारवाला म्हणे, एका प्लेटेले एक वाटी, दुसरी पाहिजे तर साहेबांची सही आणा. साहेब फाटकावर. मग कोरड्या फडक्यानं पुसलं. पसरला तो खाचेत."

उन्हाळ्यात ॲसिटोन उडून जाते, म्हणून सहीचा तो नियम मीच केला होता.

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"मला सांगायचे होते."

"तुम्ही करंट विचारला, आर्क विचारला. पुसलं कशानं, हे कोठं विचारलं?"

मी खिशातून कार्ड काढले. जुन्या ओळीवर मी काल रात्री काट मारली होती आणि खाली लिहिले होते: वरील शेरा चुकीचा. हात स्थिर. सही, तारीख. त्याने ते लांब धरून वाचले. मग मला परत दिले.

"हे घेऊन आता कोणत्या कारखान्यात जाऊ, साहेब? ठेवा तुमच्याजवळच. इतके दिवस ठेवलंच हाये." मग पिशवीकडे पाहून म्हणाला, "अन् हे काय? कार्डासाठी कूलरचा पाय तोडला काय?"

ड्रायव्हर मोठ्याने हसला. कारागीरही हसले. मी पाय काढून दिला.

"स्टँड घरी हाये नं? मग इथून पट्टी जोडून देतो. घरी नटबोल्टानं कसून घ्या," तो म्हणाला. तुटलेली कड पाहून त्याने जिभेने च्च केले. रंग दोन बोटे मागेपर्यंत खरवडला. गंज घासला. थिनरच्या डब्यात चिंधी भिजवून कड पुसली, चिंधी उलटी करून पुन्हा पुसली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मला दाखवण्यासाठी तो ते करीत नव्हता. रोजच असे करीत असणार. मग मुखवटा ओढला. मी डोळे वळवले नाहीत, तेव्हा तोच म्हणाला, "तिकडं पाहा साहेब, डोळे जातील."

आवाज एकदाही तुटला नाही.

पाय चिमट्यात धरून त्याने पुढे केला. "तपासा."

"गरम आहे."

"मग थंडा होईपर्यंत बसा."

तेव्हा मी स्टुलावर बसलो. तो चासीखाली परत गेला. निघताना त्याने आतूनच हात वर केला.

घरी पोहोचायला पाच वाजले. कार्ड खणात ठेवले. सौभाग्यवतींनी पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि पन्हे आणून ठेवले. "पोहोचले एकदाचे," एवढेच म्हणाल्या.

सव्वासहाला पट्टी स्टँडला कसली. टाकी वर चढवली. नळाला बारीक धार होती. बादली भरायला वेळ लागला. सांधा न तपासता मी टाकी काठोकाठ भरली.